नाहीतर काय झालं असतं?

१. गुण कोणाचा?

"फवारलं आणि कापूस चांगला आला. आता आणखी काय पुरावा पाहिजे?" वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न पारावर ऐकू येतो, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर ऐकू येतो आणि थोड्या शब्दांच्या फरकाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही ऐकू येतो. प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. पीक डोळ्यांसमोर उभं असतं, वजनाची पावती खिशात असते. मग शंका कशाला घ्यायची?

समजा, समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला गेल्या वर्षी एकरी ६ क्विंटल कापूस झाला. यंदा त्याने नव्या टॉनिकच्या दोन फवारण्या केल्या आणि एकरी ८ क्विंटल झाला. दोन क्विंटल वाढले हे खरंच आहे. पण यंदा मृगाचा पाऊस वेळेवर आला, टोबणी आठ दिवस आधी झाली, वाण बदलला आणि अळीही कमी होती. टॉनिक मारलं नसतं तर? कदाचित साडेसहा झाले असते, कदाचित आठच, कदाचित सव्वाआठ. ते कळायला मार्ग नाही, कारण टॉनिक न मारलेला यंदाचा हंगाम त्या वावरात झालाच नाही.

जे घडलं ते मोजायला तराजू पुरतो. जे घडलं नाही, त्याचा भरवशाचा अंदाज बांधायला प्रयोग लागतो. तुलना, चिठ्ठ्या, नमुना, सरासरी ही पुढची सगळी खटपट त्या एका प्रश्नासाठी आहे: हे केलं नसतं तर काय झालं असतं?

२. जोडीला ठेवलेली गावं

साधा उपाय असा, की त्याच हंगामात, तसल्याच जमिनीत, तेच वाण लावून थोडा भाग फवारणीविना ठेवायचा. या न फवारलेल्या भागाला 'तुलनेचा गट' म्हणतात. पाठ्यपुस्तकांत 'नियंत्रित गट' असंही लिहिलेलं सापडेल. त्याचं काम एकच: न घडलेल्या गोष्टीच्या जागी उभं राहणं.

मराठी मुलखातलं याचं सर्वांत बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे, आणि त्याचं एक मूळ वर्ध्यात आहे. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले, तिथल्या नई तालीमच्या शाळेत शिकले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी आधी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केलं, मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारली. त्यांच्यापुढचा प्रश्न होता नवजात बाळांच्या मृत्यूंचा. गावातल्याच एका बाईला शिकवून तयार केलं, तिने घरी जाऊन बाळाची ऊब, श्वास आणि दूध पाजणं यांकडे लक्ष दिलं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार केले, तर बाळं वाचतील का?

३९ गावांत हे काम सुरू झालं. शेजारच्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, पण जन्म-मृत्यूची नोंद तितक्याच काटेकोरपणे होत होती. काम सुरू होण्याआधी, १९९३ ते १९९५ या काळात, दर हजार जन्मांमागे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांची संख्या सेवेच्या गावांत ६२ होती आणि तुलनेच्या गावांत ५८. सेवेच्या तिसऱ्या वर्षी ती अनुक्रमे २५.५ आणि सुमारे ६० झाली.

आता तुलनेच्या गावांचे आकडे हाताने झाकून पाहा. ६२ वरून २५.५ ही घट डोळे दिपवणारी आहे, पण तिच्यावर हजार शंका घेता येतात. रस्ते सुधारले असतील, धान्य बरं पिकलं असेल, सरकारी दवाखान्यात चांगला डॉक्टर आला असेल. हात बाजूला घेतला की त्यातल्या बहुतेक शंका गळून पडतात. काळाच्या ओघातच मृत्यू घटत असते, तर शेजारच्या ४७ गावांतही घटले असते. तिथे तर आकडा जिथल्या तिथे राहिला. सेवा नसती तर काय झालं असतं, ते त्या गावांनी दाखवलं. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या धोरणाच्या पाठीशी हे आकडे आहेत.

एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. दोन्हीकडे मोजणी सारख्याच काळजीने होत होती. सेवेच्या गावांत डोळ्यांत तेल घालून मोजलं असतं आणि इतर गावांत ऐकीव माहिती घेतली असती, तर हेच आकडे कवडीमोल ठरले असते.

तरीही चिकित्सक वाचक एक हरकत घेईल. कोणत्या गावांना सेवा मिळावी, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. हरकत रास्त आहे. आधीचे आकडे, ६२ आणि ५८, जवळजवळ सारखे असल्यामुळे ती बरीच सौम्य होते, पण पुरती मिटत नाही. चिठ्ठीला इतकं महत्त्व का, ते आता पाहू.

३. चिठ्ठी कोणाची बाजू घेत नाही

वावर सगळीकडे सारखं नसतं. वरच्या धुऱ्याकडे बरड, नाल्याकडे भारी काळी. नवं टॉनिक कुठे मारून पाहायचं हे माणसावर सोपवलं, तर हात आपोआप चांगल्या तासांकडे वळतो. त्यात लबाडी नसते, आशा असते. निकालाची वाट मात्र दोन्ही सारखीच लावतात.

इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. शेतीच्या प्रयोगांचा तिथला अनुभव पचवून त्यांनी जी रीत घालून दिली, तिचे तीन आधार आहेत. पहिला, सारख्या जमिनीचे शेजारी-शेजारी वाफे एकत्र घेऊन त्यांचा गट करायचा. दुसरा, गटातल्या कोणत्या वाफ्याला काय मिळणार हे चिठ्ठीने ठरवायचं. तिसरा, हे एकदाच न करता अनेक गटांत करायचं. आपल्याकडे ही रीत शेती महाविद्यालयांपर्यंत पोचवण्यात व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. या दोघांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या.

चिठ्ठीमुळे दोन्ही वाफे हुबेहूब सारखे होतात असं नाही. एखाद्या वेळी चिठ्ठीही टॉनिकला चांगला वाफा देईल. फरक इतकाच, की ती मुद्दाम देणार नाही आणि दर वेळी देणार नाही. शिवाय ती किती वेळा फसवू शकते याचा हिशेब मांडता येतो. माणसाच्या आशेचा असा हिशेब मांडता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. कापूस वजन करणाऱ्याला कोणता वाफा टॉनिकचा, हे माहीत नसावं. काटा स्थिर व्हायच्या आधीच आकडा वाचायचा की थोडं थांबायचं, यातही मन डोकावतं.

४. नाण्याचा हिशेब

आता एक प्रयोग कागदावर करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका वावरात एकेक गुंठ्याच्या वाफ्यांच्या सहा जोड्या आखल्या. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला टॉनिक दिलं, दुसऱ्याला नुसतं पाणी. सगळ्या वेचण्या मिळून निघालेला कापूस किलोत असा आहे:

पहिली जोडी: टॉनिक २१, पाणी १९
दुसरी जोडी: टॉनिक १८, पाणी १९
तिसरी जोडी: टॉनिक २४, पाणी २१
चौथी जोडी: टॉनिक १७, पाणी १६
पाचवी जोडी: टॉनिक २०, पाणी १७
सहावी जोडी: टॉनिक १५, पाणी १६

टॉनिकची बेरीज ११५, पाण्याची १०८. वाफ्यामागे सरासरी फरक जवळपास १.१७ किलो, म्हणजे ४० गुंठ्यांच्या एकराला सुमारे ४७ किलो. दुकानदार इथेच थांबेल आणि जाहिरात छापेल.

आपण एक उलटा प्रश्न विचारू. समजा, टॉनिकचा काडीचाही उपयोग नाही. मग कोणत्या जोडीत कोण पुढे, हे केवळ नशिबाने ठरेल, नाणेफेकीत छापा-काटा ठरतो तसं. सहा वेळा नाणं उडवलं तर निकालांचे ६४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यांपैकी २२ क्रमांत चार किंवा जास्त छापे येतात. आपल्या प्रयोगात टॉनिक सहापैकी चार जोड्यांत पुढे आहे. म्हणजे निव्वळ पाण्यासारखं टॉनिकसुद्धा शंभरातून सुमारे ३४ वेळा एवढा चांगला किंवा याहून चांगला निकाल दाखवू शकेल. एवढ्यावर पैसे खर्च करू नयेत.

सहाही जोड्यांत टॉनिक पुढे असतं तर? असा क्रम ६४ मध्ये एकच, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. तेव्हा 'नुसतं नशीब' हे स्पष्टीकरण ओढूनताणून आणल्यासारखं वाटू लागतं. संख्याशास्त्रात या टक्क्याला 'पी-मूल्य' म्हणतात, आणि ते पाच टक्क्यांच्या खाली आलं की फरकाची दखल घ्यायची असा प्रघात आहे. हा पाच टक्क्यांचा आकडा निसर्गनियम नाही, माणसांनी सोयीसाठी ठरवलेली रेघ आहे. आणि पी-मूल्य लहान म्हणजे फायदा मोठा, असंही समजू नये. एकरी पाच किलोचा फरकही शेकडो जोड्या घेतल्या तर 'सिद्ध' करता येईल. त्या पाच किलोंत बाटलीचे पैसे निघतात का, हा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

इथे आपण फक्त कोण पुढे एवढंच पाहिलं, किती पुढे ते सोडून दिलं. फरकाचा आकारही हिशेबात घेणाऱ्या रीती आहेत. त्या पुढच्या वर्गांत भेटतील, पण त्यांचा गाभा हाच आहे.

५. वीस बोंडं

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीची दाणादाण उडवली. ही अळी बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. म्हणून शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो, की एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहा. दोन किंवा जास्त किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के किंवा त्याहून अधिक, तर फवारणीची वेळ झाली.

एकरात हजारो बोंडं असतात आणि आपण वीस पाहून निर्णय घेतो. हाच नमुना. शितावरून भाताची परीक्षा करावी तसं हे आहे, पण एका पातेल्यातल्या भाताला आच सगळीकडून सारखी लागते आणि वावराला लागत नाही. अळीचा प्रादुर्भाव ठिकठिकाणी कमी-जास्त असतो. धुऱ्यावर उभं राहून हाताला येतील ती वीस बोंडं तोडली, तर ती धुऱ्याची परीक्षा झाली, वावराची नाही. नागमोडी चालत, झाड न निवडता, ठरावीक पावलांनी थांबून बोंड तोडावं लागतं.

नीट तोडूनही फसगत होऊ शकते, आणि किती ते काढता येतं. समजा, वावरातली दहा टक्के बोंडं खरोखर किडकी आहेत. एक बोंड तोडलं तर ते चांगलं निघण्याची शक्यता ०.९. वीसच्या वीस चांगली निघण्याची शक्यता म्हणजे ०.९ ला स्वतःशीच वीस वेळा गुणायचं. मोबाइलवर करून पाहा, सुमारे ०.१२ येईल. म्हणजे अळी दारात येऊन बसली असतानाही आठांतल्या एका शेतकऱ्याला 'एकही किडकं नाही' असा दिलासा मिळेल. वीसऐवजी पन्नास बोंडं फोडली तर हीच शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. नमुना वाढवण्याचा फायदा हा, आणि त्याची किंमत म्हणजे तीस जादा बोंडं आणि पाऊण तास.

बोंडअळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचा नियमही याच कारणाने ठरलेला आहे. सापळ्यात एका रात्री आठ पतंग आले म्हणून धावायचं नाही. सलग तीन रात्री आले तर हालचाल करायची. एका रात्रीचा आकडा वारा, पाऊस, चांदणं यांवर हेलकावतो. तीन रात्रींचा आकडा पतंगांबद्दल काही सांगतो.

६. बक्षिसाच्या अटी

वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. तिथे चरख्याची नाना रूपं पाहायला मिळतात. ती पाहताना एक जुनी स्पर्धा आठवावी. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळी ही रक्कम अचाट होती. अटी आधीच छापल्या होत्या: यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावं, बाईला फार न दमता आठ तास काम करता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वीस वर्षं टिकावं. किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्यातलं यंत्रही स्पर्धेत उतरलं. बक्षीस मात्र कोणालाच मिळालं नाही.

मला हे 'कोणालाच मिळालं नाही' फार मोलाचं वाटतं. अटी नंतर ठरवल्या असत्या तर कोणाच्या तरी गळ्यात हार पडला असता. 'किंमत जास्त आहे, पण सूत काय सुरेख निघतं' असं म्हणायला कोणाला अडचण होती?

शाळेतले प्रयोग इथेच घसरतात. मुलं रोपांना वेगवेगळी खतं घालतात आणि शेवटी उंची, पानं, खोडाची जाडी, फुलं, रंग असं वीस प्रकारे मोजतात. ज्या एका मोजमापात फरक दिसतो तेच तक्त्यावर येतं. पाच टक्क्यांची रेघ धरली, तर निरुपयोगी खतसुद्धा वीस स्वतंत्र मोजमापांपैकी निदान एकात 'गुणकारी' ठरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून काय मोजणार, कधी मोजणार आणि किती फरक आला तर हो म्हणणार, हे बी टाकण्याआधी वहीत लिहून त्यावर तारीख घालावी.

७. एक प्रश्न, दोन तपासण्या

मोजण्याचं साधनच खात्रीचं नसेल तर? याचं सुंदर उदाहरण सेवाग्रामचं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. २००४ मध्ये तिथल्या ७२६ डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि इतर कर्मचाऱ्यांची क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासणी झाली. सुप्त संसर्ग म्हणजे जंतू शरीरात आहेत, पण माणूस आजारी नाही. एक तपासणी जुनी: हातावर कातडीत इंजेक्शन द्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी आलेल्या कडक फुगवट्याची रुंदी मोजायची. दुसरी नवी आणि महाग, रक्ताची.

कातडीच्या तपासणीत ४१ टक्के लोकांना संसर्ग दिसला, रक्ताच्या तपासणीत ४० टक्के. इतके जवळचे आकडे पाहून दोन्ही तपासण्या एकच सांगतात असं वाटेल. पण ते ४१ आणि हे ४० हीच माणसं आहेत का? दोन्हींत होकार आला असे ३१ टक्केच निघाले. दोन्हींत नकार आलेले निम्मे. ३१ आणि ५० मिळून सुमारे ८१ टक्के लोकांबाबत तपासण्यांचं एकमत, उरलेल्या १९ टक्क्यांबाबत मतभेद.

८१ टक्के एकमत चांगलं की वाईट? इथे पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. दोन्ही तपासण्या डोळे मिटून उत्तर देत असत्या तर किती एकमत झालं असतं? सोयीसाठी दोन्ही शंभरात ४० वेळा 'हो' म्हणतात असं धरू. योगायोगाने दोन्ही 'हो' म्हणतील शंभरात १६ वेळा, दोन्ही 'नाही' म्हणतील ३६ वेळा. म्हणजे आंधळेपणानेही ५२ टक्के एकमत होतंच! कमाई मोजायची ती त्याच्या वर. ५२ पासून १०० पर्यंत ४८ ची जागा होती, त्यांपैकी २९ कमावली. २९ भागिले ४८, सुमारे ०.६. या आकड्याला 'कप्पा' म्हणतात. संशोधकांनी अचूक हिशेबाने तो ०.६१ काढला आणि अभ्यास २००५ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या नियतकालिकात छापला. खेड्यातल्या रुग्णालयात, जिथे क्षय सगळीकडे आहे, तिथे स्वस्त जुनी तपासणी महाग नवीच्या तोडीस तोड चालते, हे त्यातून दिसलं.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वय जास्त आणि नोकरीची वर्षं जास्त, तर संसर्गही जास्त. मग दोष वयाचा की रुग्णालयातल्या वर्षांचा? जुना कर्मचारी वयानेही मोठा असतो, त्यामुळे दोन्ही कारणं एकमेकांच्या हातात हात घालून येतात. अशा वेळी एकाच वयाच्या, पण कमी-जास्त नोकरी झालेल्या लोकांची तुलना करावी लागते. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

८. वही

सरासरीबद्दल थोडक्यात. पाच शेतकऱ्यांचा एकरी कापूस ५, ६, ६, ७ आणि २१ क्विंटल असेल, तर सरासरी ९ येते. पाचांपैकी चौघं त्याच्या खाली! आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर ६ येतो. त्याला मध्यक म्हणतात. २१ चा आकडा संशयास्पद वाटला तरी खोडायचा नाही. ठिबक होतं का, वजनाची चूक झाली का, ते विचारून शेजारी लिहायचं. न मोजलेल्या जागी शून्य टाकायचं नाही, 'मोजलं नाही' असं लिहायचं. एकक प्रत्येक रकान्यावर लिहायचं आणि आकडे शाईने, त्याच दिवशी.

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. सहा जोड्या लावा, नाणं उडवा, निकष आधी लिहा, आणि शेवटी फरक दिसला नाही तर 'फरक आढळला नाही' असाच तक्ता भिंतीवर लावा. परीक्षकांनीही त्या तक्त्याला गुण देताना हात आखडता घेऊ नये.